रुपयाचा प्रश्न आणि बाबासाहेब

आपल्या शाळेत १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दोन दिवशी विद्यार्थ्यांची भाषणे होतात. गेली अनेक वर्षे इतिहासाचा शिक्षक या नात्याने ती ऐकण्याचे भाग्य मला लाभले आहे. महाडच्या तळ्याचे पाणी, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार, भारतीय संविधान आणि नागपूरची धम्मदीक्षा हे प्रसंग मुले तन्मयतेने सांगतात. बाबासाहेबांच्या परदेशातील शिक्षणाचा भाग मात्र बहुधा एकाच वाक्यात संपतो. ते कोलंबिया विद्यापीठाचे पीएच.डी. झाले, लंडनचे डी.एस्सी. झाले आणि बॅरिस्टर झाले, एवढे सांगून भाषण पुढे सरकते. लंडनला त्यांनी जो प्रबंध लिहिला तो कशावर होता, त्यात त्यांनी काय सिद्ध केले आणि त्याचा आपल्या आजोबा-पणजोबांच्या भाकरीशी काय संबंध होता, हे कोणी सांगत नाही. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण आम्ही शिक्षकांनीच ते सांगितलेले नसते. मी स्वतः एम.ए.च्या वर्गात असताना हा ग्रंथ प्रथम उघडला आणि ज्या ग्रंथाचे नाव लहानपणापासून अभिमानाने घेत आलो त्यातील एक पानही आपल्याला ठाऊक नाही, याची मला लाज वाटली. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते ऋण थोडे तरी फेडावे, म्हणून बाबासाहेबांचे चरित्र त्या ग्रंथाच्या अंगाने येथे मांडत आहे.

हा ग्रंथ म्हणजे ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’, अर्थात रुपयाचा प्रश्न. एका देशाच्या नाण्याच्या बदल्यात दुसऱ्या देशाचे नाणे किती मिळावे, हा त्याचा गाभा आहे. आज आपण याला विनिमय दर म्हणतो. जुन्या मराठी वर्तमानपत्रांतून त्यासाठी हुंडणावळ हा शब्द वापरला जाई. हिंदुस्थानचा रुपया आणि इंग्लंडचा पौंड यांच्यातील ही हुंडणावळ म्हणजे बाबासाहेबांच्या तरुणपणी देशातील सर्वांत मोठ्या आर्थिक वादांपैकी एक होती. तो वाद समजण्यासाठी एवढा हिशेब ध्यानात ठेवावा : त्या काळी एका पौंडाचे २० शिलिंग होत आणि एका शिलिंगाचे १२ पेन्स. म्हणजे एक पौंड २४० पेन्सचा. आपल्याकडे एका रुपयाचे १६ आणे होत आणि एका आण्याच्या १२ पै.

चांदीचा रुपया

ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखाली १८३५ साली सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच रुपया ठरविण्यात आला. त्याचे वजन १८० ग्रेन होते आणि त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी होती. कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. पुढे सरकारने सोन्याची नाणी स्वीकारणे बंद केले आणि चांदी हेच देशाचे एकमेव प्रमाण उरले. इंग्लंड सोन्याच्या नाण्यावर चालत होते. जोपर्यंत सोने आणि चांदी यांच्या किमतीतील प्रमाण स्थिर होते, तोपर्यंत रुपयाला सुमारे दोन शिलिंग मिळत, म्हणजे दहा रुपयांना एक पौंड.

१८७० नंतर ही घडी विस्कटली. जर्मनीने चांदी सोडून सोन्याचे नाणे स्वीकारले, युरोपातील इतर देशांनी चांदीची नाणी पाडणे आवरते घेतले आणि अमेरिकेतील नव्या खाणींतून चांदी भरमसाट निघू लागली. चांदीचा भाव घसरला आणि तिच्याबरोबर रुपयाही घसरला. १८९२-९३ साली तो सरासरी १ शिलिंग ३ पेन्सच्या आसपास येऊन ठेपला.

हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडला मोठी रक्कम पौंडांत पाठवावी लागे. कर्जावरील व्याज, लंडनमधील कचेरीचा खर्च, निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांचे पेन्शन, लष्करी सामान, अशा बाबींचा तो खर्च होता. शतकाच्या अखेरीस तो दीड कोटी पौंडांच्याही वर गेला होता. आता साधा हिशेब करून पाहावा. एक कोटी पौंड पाठवायचे असतील, तर दोन शिलिंगांच्या दराने दहा कोटी रुपये लागत. रुपया १ शिलिंग १ पेन्सवर आला की त्याच एका कोटी पौंडांसाठी सुमारे साडेअठरा कोटी रुपये मोजावे लागत. देणे तेवढेच राही, पण भार जवळजवळ दुप्पट होई. हा भार करांच्या रूपाने अखेर येथील शेतकऱ्यांवर आणि मीठ विकत घेणाऱ्या गोरगरिबांवर पडे.

या संकटातून सुटण्यासाठी हर्शेल समितीच्या शिफारशीनुसार सरकारने २६ जून १८९३ रोजी टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. आता चांदी नेऊन रुपये पाडून घेता येईनात. नवे रुपये कमी झाले. दर प्रथम १ शिलिंग १ पेन्सपर्यंत खाली गेला, पण रुपयांची टंचाई जाणवू लागताच सावरला आणि १८९८ च्या सुमारास १ शिलिंग ४ पेन्सवर आला. फाउलर समितीच्या अहवालानंतर १८९९ साली हाच दर पक्का झाला : १५ रुपये म्हणजे एक सुवर्णपौंड.

टांकसाळी बंद झाल्या त्या वेळी महूच्या छावणीत जन्मलेले सुभेदार रामजी सकपाळ यांचे धाकटे अपत्य भीमराव दोन वर्षांचे होते. रामजी लष्करी शाळेतील शिक्षक होते. निवृत्तीनंतर कुटुंब कोकणात आणि पुढे साताऱ्यास आले. भीमराव लहान असतानाच माता भीमाबाई वारल्या. तुटपुंज्या पेन्शनीत मुलांना शिकवायचे आणि वेळप्रसंगी नातेवाइकांकडे उसने मागून पुस्तके आणून द्यायची, हा रामजींचा नेम होता. घरात येणारा रुपया किती धान्य आणतो, हा प्रश्न या मुलाने अर्थशास्त्राच्या ग्रंथात वाचण्यापूर्वीच घरात पाहिला होता.

न्यूयॉर्क आणि लंडन

एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाल्यावर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमरावांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. ती दरमहा साडेअकरा पौंडांची आणि तीन वर्षांची होती. १५ रुपयांच्या दराने ती १७२ रुपये ८ आणे होत. फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजींचे निधन झाले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले.

कोलंबिया विद्यापीठात प्रा. सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास केला. १९१५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था या विषयावर त्यांनी एम.ए.चा प्रबंध लिहिला. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा पुढचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. जातिसंस्थेवरील त्यांचा सुप्रसिद्ध निबंधही १९१६ मधील, याच काळातील आहे. एकाच तरुणाच्या टेबलावर जातीचा प्रश्न आणि तिजोरीचा प्रश्न असे दोन्ही शेजारी शेजारी होते, हे विसरता कामा नये.

१९१६ साली ते लंडनला गेले. ग्रेज इनमध्ये कायद्यासाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी त्यांनी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान आणि ग्रंथ घेऊन निघालेले जहाज पाणतीराने बुडाले. बडोद्यात नोकरीवर रुजू झाल्यावर राहायला जागा मिळेना. कोलंबियात शिकून आलेल्या या विद्वानाला जातीमुळे मुक्कामातून बाहेर काढण्यात आले आणि ते मुंबईला परत आले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये होता. परळच्या चाळीत राहून, काटकसर करून त्यांनी त्यातून पैसे बाजूला टाकले. रमाईंनी त्या काटकसरीचा मोठा वाटा उचलला. अपुऱ्या राहिलेल्या अभ्यासासाठी लंडनला परत जायचे, हा त्यांचा निश्चय होता.

हुंडणावळीची उलथापालथ

याच सुमारास रुपयाच्या दरात मोठी उलथापालथ झाली. युद्धकाळात चांदीचा भाव चढत गेला. तो औंसाला ४३ पेन्सच्या वर जाताच रुपयातील चांदीची किंमत १ शिलिंग ४ पेन्सहून अधिक झाली आणि नाणे वितळवणे फायद्याचे ठरू लागले. सरकार दर वाढवीत गेले. १९१९ च्या अखेरीस रुपया २ शिलिंग ४ पेन्सवर पोहोचला. बॅबिंग्टन स्मिथ समितीने रुपया दोन शिलिंग सोन्याच्या किमतीला बांधावा असे सुचविले. समितीतील दादिबा दलाल यांनी मात्र विरोधी मत नोंदवून जुना १ शिलिंग ४ पेन्सचाच दर ठेवावा असे म्हटले. सरकारने बहुमताचे ऐकले आणि तो कृत्रिम दर टिकवण्यासाठी साडेपाच कोटी पौंडांच्या आसपास रकमेच्या हुंड्या लंडनवर विकल्या. तरीही दर टिकला नाही. सप्टेंबर १९२० मध्ये सरकारने हात टेकले आणि १९२१ मध्ये रुपया १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली गेला.

बाबासाहेब जुलै १९२० मध्ये लंडनला निघाले, ते नेमके या पडझडीच्या मध्यावर. जानेवारीत त्यांनी मूकनायक सुरू केले होते आणि मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी त्यांच्या नेतृत्वाचे स्वागत केले होते. प्रवासासाठी महाराजांनी १,५०० रुपयांचे साहाय्य केले आणि नवल भथेना या पारशी मित्राने ५,००० रुपये कर्जाऊ दिले. वर्गात मी मुलांना या १,५०० रुपयांचा हिशेब करायला सांगतो. रुपयाला दोन शिलिंग मिळत असतील तर त्यांचे १५० पौंड होतात. रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर आला की तेच १०० पौंड होतात. हा ५० पौंडांचा फरक म्हणजे बडोद्याच्या शिष्यवृत्तीचे चार महिन्यांहून अधिक हप्ते. रुपये घेऊन लंडनला शिकायला गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही हुंडणावळ आपल्या ताटात दिसत होती.

लंडनमधील ते दिवस कष्टाचे होते. स्वस्त खोली, अपुरे जेवण, सकाळी ग्रंथालय उघडताच आत जायचे आणि बंद होईपर्यंत उठायचे नाही, असा क्रम होता. मध्यंतरी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदविले. त्याच वर्षांत जर्मनीचे चलन कोसळत चालले होते आणि सरकारने हवे तेवढे चलन छापले तर काय होते, याचा धडा सारे जग घेत होते.

१९२१ साली त्यांना एम.एस्सी. मिळाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी रुपयावरील प्रबंध डी.एस्सी.साठी सादर केला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो सुधारून पुन्हा सादर करावा असे कळविले. पैसे संपत आले होते. बाबासाहेब मुंबईस परतले, प्रबंध येथेच पुन्हा लिहून लंडनला पाठवला आणि १९२३ च्या अखेरीस त्यांना डी.एस्सी. प्रदान झाली. लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या संस्थेने तो ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. बाबासाहेबांची सर्वच मते त्यांना मान्य नव्हती, तरीही या मांडणीतील ताजेपणाचे त्यांनी मोकळेपणाने स्वागत केले. ग्रंथ अर्पण केला आहे तो माता-पित्यांच्या स्मृतीस, शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दलच्या कृतज्ञतेने.

ग्रंथात काय आहे

ग्रंथाची सात प्रकरणे आहेत. पहिल्या भागात सोन्या-चांदीच्या दुहेरी व्यवस्थेपासून चांदीच्या रुपयापर्यंतचा आणि त्याच्या घसरणीचा इतिहास आहे. उत्तरार्धात १८९३ नंतर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेची चिकित्सा आहे.

या व्यवस्थेला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणत. देशात चालायचा तो रुपयाच, पण परदेशी देण्यासाठी सरकार ठरावीक दराने लंडनवर हुंड्या देणार, म्हणजे सोने न वापरता सोन्याचा लाभ, असा तिचा दावा होता. जॉन मेनार्ड केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९१३ च्या आपल्या ग्रंथात तिची प्रशंसा केली होती आणि ते चेंबरलेन आयोगाचे सदस्यही झाले होते. परळच्या चाळीतून आलेल्या विद्यार्थ्याने त्यांच्याच मताला आव्हान दिले.

बाबासाहेबांचा मुख्य आक्षेप असा होता की, या व्यवस्थेत रुपये किती पाडावेत यावर कोणताही आपोआप चालणारा लगाम नाही. सगळे सरकारच्या मर्जीवर आहे. सरकारने जास्त रुपये बाजारात सोडले की देशातील किमती वाढतात आणि रुपयाची खरेदीशक्ती घटते. विनिमय दर हा या खरेदीशक्तीचाच आरसा असतो. म्हणून नुसता दर स्थिर ठेवण्याची धडपड व्यर्थ आहे, आधी देशातील किमती स्थिर पाहिजेत. १८९३ नंतर नवे रुपये रोखले गेले तेव्हा दर सावरला, हा अनुभव त्यांनी पुरावा म्हणून पुढे ठेवला. त्यांचा उपाय स्पष्ट होता : नवे रुपये पाडणे कायमचे बंद करावे, रुपयांची संख्या निश्चित राहावी आणि सोन्याचे नाणे चलनात आणावे, म्हणजे राज्यकर्त्यांना मनास येईल तसे चलन वाढवता येणार नाही.

पण माझ्या मते या ग्रंथाचे सर्वांत मोलाचे अंग दुसरेच आहे. रुपया घसरला की निर्यात वाढते, मुंबईच्या गिरण्यांना फायदा होतो, म्हणून घसरता रुपया देशाच्या हिताचा, असा युक्तिवाद त्या वेळी अनेक व्यापारी आणि राजकारणी करीत. बाबासाहेबांनी विचारले की, हा फायदा येतो कोठून? उत्तर त्यांनी आकड्यांनिशी दिले. रुपया घसरला की किमती चढतात, पण मजुरी त्याच वेगाने चढत नाही. समजा, एका गिरणी कामगाराला महिन्याला २० रुपये मिळतात. धान्य सव्वापट महाग झाले आणि पगार मात्र तेथेच राहिला, तर त्या २० रुपयांत तो आता पूर्वीच्या १६ रुपयांचेच धान्य घेऊ शकतो. हातातील नाणी तेवढीच राहतात आणि ४ रुपयांची भाकर नाहीशी होते. ती मालकाच्या नफ्यात जाऊन बसते. परकीयांकडून मिळवलेला वाटणारा नफा बहुतांशी आपल्याच देशातील कष्टकऱ्याच्या खिशातून काढलेला असतो. राष्ट्राचा लाभ या नावाखाली एका वर्गाचा लाभ आणि दुसऱ्या वर्गाची हानी कशी झाकली जाते, हे त्यांनी उघड करून दाखविले. जातीच्या प्रश्नात त्यांनी जी दृष्टी वापरली, तीच येथेही आहे. एकसंध दिसणाऱ्या समाजाच्या आत कोण कोणाच्या खांद्यावर उभा आहे, हे पाहण्याची ती दृष्टी होय.

वसतिगृह आणि आयोग

मुंबईत परतल्यावर बाबासाहेबांनी वकिली सुरू केली आणि जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेच्या पहिल्या कामांपैकी एक होते सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह. ते १९२५ साली सुरू झाले. गावोगावच्या अस्पृश्य मुलांना राहण्याजेवणाची सोय मिळाली तरच ती शिकतील, हे त्यांनी ओळखले होते. आपल्यासारख्या निवासी शाळा त्याच विचाराच्या वारसदार आहेत.

त्याच वर्षी, १५ डिसेंबर १९२५ रोजी, चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. हिल्टन यंग हे त्याचे अध्यक्ष होते. रुपया १ शिलिंग ६ पेन्स की १ शिलिंग ४ पेन्स, हा त्या वेळचा वाद होता. गिरणीमालक आणि व्यापारी सोळा पेन्सच्या बाजूने होते, सरकार अठरा पेन्सच्या. बाबासाहेबांनी या वादातील आरडाओरड बाजूला सारून मूळ प्रश्न मांडला. दर खाली आणणे म्हणजे किमती वर नेणे, आणि त्याची किंमत मजुरी करणारा वर्ग मोजतो, हे त्यांनी आयोगापुढे ठेवले. दराहूनही महत्त्वाची आहे ती चलनव्यवस्था, असे त्यांचे प्रतिपादन होते. एका वर्षात एकीकडे सोलापूरच्या मुलांचे वसतिगृह आणि दुसरीकडे साम्राज्याच्या आयोगापुढे रुपयाची साक्ष, हे दोन्ही एकाच माणसाचे काम होते.

आयोगाने १९२६ मध्ये अठरा पेन्सच्या दराची शिफारस केली. सदस्य पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी सोळा पेन्ससाठी भिन्न मत नोंदविले. मार्च १९२७ मध्ये दिल्लीच्या विधिमंडळात या दरावर कडाक्याचा वाद होऊन तो अल्प बहुमताने मंजूर झाला. एक पौंड आता १३ रुपये ५ आणे ४ पै इतका झाला. त्याच मार्चच्या २० तारखेला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब हजारो अनुयायांसह पाणी प्राशन करीत होते. ज्यांच्या मजुरीबद्दल ते आयोगापुढे बोलले होते, तीच माणसे त्या दिवशी त्यांच्यामागे चालत होती.

येथे आपल्या समाजबांधवांशी एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या ग्रंथातूनच जन्मली, असे आपल्या सभांतून नेहमी सांगितले जाते. या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली, हा इतिहास आहे. बाबासाहेब हे त्या आयोगापुढील एक अभ्यासू साक्षीदार होते, हाही इतिहास आहे. परंतु मध्यवर्ती बँकेची चर्चा आधीपासून चालू होती, आयोगापुढे अनेकांच्या साक्षी झाल्या, आणि आयोगाने शेवटी सुचवलेली चलनव्यवस्था बाबासाहेबांनी सुचवलेल्या व्यवस्थेहून वेगळी होती. बँकेचे सारे श्रेय एका ग्रंथाला देणे इतिहासाला धरून होत नाही. बाबासाहेबांनी स्वतः पुराव्याशिवाय वाक्य लिहिले नाही. त्यांच्या गौरवासाठी पुराव्यापलीकडे जाणे हा त्यांच्या शिस्तीचा गौरव नव्हे. त्यांनी जे खरोखर केले ते इतके मोठे आहे की त्याला वाढवून सांगण्याची गरज नाही. आपल्या मुलांनी एखाद्या चर्चेत हा दावा केला आणि समोरच्याने तो खोडून काढला, तर त्या मुलाचा बाकीच्या सत्यावरील विश्वासही डळमळतो. शिक्षक म्हणून मला त्याची अधिक काळजी वाटते.

न लिहिलेला खंड

पुढील आयुष्यात बाबासाहेबांना चलनाच्या अभ्यासाकडे वळण्यास सवड मिळाली नाही. तरी तो विचार सुटला नव्हता. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला आणि १९३८ मध्ये कामगारांचा संपाचा हक्क हिरावणाऱ्या विधेयकाविरुद्ध लढा दिला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना कामगारांच्या कामाचे तास कमी करण्यासाठी त्यांनी पावले टाकली. मजुरी आणि महागाई यांच्या शर्यतीत मजुरी नेहमी मागे पडते, हे त्यांनी १९२३ साली ग्रंथात मांडले होते. सत्तेच्या जागी बसल्यावर ते कामगाराच्याच बाजूला उभे राहिले.

१९४७ साली या ग्रंथाची दुसरी आवृत्ती भारतीय चलन आणि बँकिंगचा इतिहास या नावाने मुंबईहून निघाली. तिच्यावर पहिला खंड असे छापले होते. १९२३ नंतरचा इतिहास दुसऱ्या खंडात लिहिण्याचा त्यांचा मनोदय होता. त्याच वर्षी देश स्वतंत्र झाला, ते कायदामंत्री झाले आणि २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली. तो दुसरा खंड लिहिला गेला नाही. त्या खंडासाठी जे दिवस लागले असते, ते संविधानाने घेतले. त्यानंतर हिंदू कोड बिल, ढासळती प्रकृती, बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाचे लेखन, १४ ऑक्टोबर १९५६ची नागपूरची धम्मदीक्षा आणि ६ डिसेंबरचे महापरिनिर्वाण. रुपयाचा इतिहास १९२३ च्या टप्प्यावर त्यांच्या हातून थांबला तो थांबलाच.

रुपयाचा प्रवास मात्र पुढे चालू राहिला. १९४९ साली आणि पुन्हा ६ जून १९६६ रोजी त्याचे अवमूल्यन झाले. हुंडणावळ हा शब्द आज कोणी वापरत नाही, पण डॉलरचा भाव चढला की डिझेल महागते, डिझेल महागले की बाजारातील भाजी महागते, आणि रोजंदारीवर जाणाऱ्या आईचा रोज मात्र कित्येक महिने तोच राहतो. आपल्या वसतिगृहातील बहुसंख्य मुलांचे पालक शेतमजूर, बांधकाम मजूर किंवा कंत्राटी कामगार आहेत. बाबासाहेबांनी मांडलेला प्रश्न त्यांच्या घरात रोज संध्याकाळी हिशेबाला बसतो.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी अनेक जण आज शिक्षक, अभियंते, परिचारिका, वकील आणि शासकीय अधिकारी आहेत. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण या शाळेतून बाहेर पडून अर्थशास्त्राच्या उच्च अभ्यासाकडे वळलेली मुले बोटांवर मोजण्याइतकीही नाहीत. पालकांना माझी नम्र विनंती आहे की, मुलाने किंवा मुलीने अर्थशास्त्र शिकायचे म्हटले तर त्यातून नोकरी कोणती मिळेल, हा एकच प्रश्न विचारून तिला परत फिरवू नका. शाळेच्या ग्रंथालयात महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांचे समग्र लेखन आहे. त्यातील सहाव्या खंडात हा ग्रंथ आहे. जयंतीच्या दिवशी त्या खंडाला हार घालण्याबरोबरच त्यातील एक प्रकरण वर्गात वाचले जावे, एवढी सुरुवात आपण करू शकतो.

न लिहिलेला दुसरा खंड कोणीतरी लिहायला हवा आहे. तो लिहिणारा हात आज कदाचित आपल्याच वसतिगृहात, रात्रीच्या अभ्यासिकेत, गणिताची वही उघडून बसला असेल.

जय भीम!